साडेतीन वर्षांच्या मुलीला फिट्ससाठी ३:१ कीटो आहार: तूप, काटा, सिरप आणि सलाईन

विटेकर_बाबा

मुलगी साडेतीन वर्षांची, वजन १२.५ किलो. व्हॅल्प्रोएट सिरप, लेव्हेटिरासिटाम सिरप आणि क्लोबाझामची गोळी चालू आहे. तरीही दिवसात चार-पाच वेळा एकदम मान टाकून पडते, शिवाय पहाटे झटके येतात. मिरजेच्या मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ३:१ चा कीटो आहार (फॅट भरपूर, पिठूळ-गोड अगदी कमी) सुचवलाय. तपासण्यांचे रिपोर्ट आले की चार-पाच दिवस अॅडमिट करून सुरू करणार. तक्ता डाएटिशियन देतीलच, पण तोवर स्वयंपाकघर आणि घरातली माणसं तयार ठेवायची आहेत.

१) ३:१ म्हणजे ताटात नेमकं किती? आम्ही शाकाहारी, अंडं चालतं.
२) सिरपमधली साखर यात धरायची का?
३) अंगणवाडी, शेजारी, देवळातला प्रसाद, आजीचा हात. यांना आवरायचं कसं?
४) ताप-उलटी झाली तर? रात्री जो दवाखाना उघडा मिळतो तिथं पहिलं काम सलाईन लावायचं.

---

आहारकट्टा_मिरज

दादा, पहिला प्रश्न नीट उलगडला की बाकीचे निम्मे सुटतात, म्हणून तोच सविस्तर घेते.

३:१ हे वजनाचं प्रमाण आहे. एका बाजूला ३ ग्रॅम फॅट, दुसऱ्या बाजूला प्रोटीन आणि कार्ब (कर्बोदकं, म्हणजे पीठ-साखर) मिळून १ ग्रॅम. ३ ग्रॅम फॅटच्या २७ कॅलरी आणि त्या १ ग्रॅमच्या ४, असं ३१ कॅलरींचं एक 'युनिट' झालं. ४:१ असेल तर युनिट ४० कॅलरींचं.

तुमच्या मुलीला दिवसाला १००० कॅलरी ठरल्या असं धरू (हा आकडा तुमचे डॉक्टरच ठरवतील, मी हिशेब दाखवायला घेतलाय). १००० भागिले ३१ म्हणजे साधारण ३२ युनिट. फॅट ९७ ग्रॅम, प्रोटीन आणि कार्ब मिळून ३२ ग्रॅम. वाढत्या वयाला प्रोटीन आधी बाजूला काढायचं: १५ ग्रॅम. उरले १७ ग्रॅम कार्ब, अख्ख्या दिवसाचे. चार जेवणांत वाटले की एका जेवणाला फॅट २४, प्रोटीन पावणेचार, कार्ब सव्वाचार. प्रमाण प्रत्येक जेवणात जुळलं पाहिजे. सकाळी तूप पाजून टाकलं आणि संध्याकाळी भात दिला, असा दिवसाचा मेळ घालून चालत नाही.

आता एक जेवण ताटात मांडून बघा:

पनीर १५ ग्रॅम: प्रोटीन २.८५, फॅट ३.३, कार्ब ०.३
कोबी ४० ग्रॅम: प्रोटीन ०.५, कार्ब १.३
ज्वारीचं पीठ ४ ग्रॅम: प्रोटीन ०.४, कार्ब २.७
प्रोटीन आणि कार्ब मिळून ८.१. त्याच्या तिप्पट २४.३ ग्रॅम फॅट हवं. पनीरातून साडेतीनच्या आतच आलं, म्हणून वरून २१ ग्रॅम तूप किंवा तेल.

२१ ग्रॅम म्हणजे पाच मि.ली.चे साडेचार चमचे. तीन वर्षांच्या पोराला एवढं तूप एका बैठकीत पोटात घालायचं, खरी कसोटी इथं आहे. ४ ग्रॅम पिठाची भाकरी होत नाही, त्या नादाला लागू नका. पनीर कुस्करून, कोबी अगदी बारीक चिरून, त्यात पीठ, मीठ, जिरं आणि चमचाभर पाणी घालायचं. लहान पॅनमध्ये ९ ग्रॅम तुपावर त्याची जाडसर थापी दोन्ही बाजूंनी परतायची. उरलेलं १२ ग्रॅम तूप ६० मि.ली. गरम पाण्यात हिंग-मीठ घालून हँड ब्लेंडरनं घुसळलं की दाट कढणासारखं होतं. ते वाटीनं प्यायला द्यायचं. नुसतं तूप चमच्यानं तोंडात घातलं तर दोन दिवसांत पोर तोंड घट्ट मिटायला शिकतं.

आणि लोक हमखास चुकतात ते इथं: पॅनला आणि वाटीला चिकटलेलं तूप. ५ ग्रॅम जरी भांड्यात राहिलं तरी तुमचं ३:१ चं जेवण २.४:१ झालं. कागदावर तक्ता बरोबर, ताटात चूक. म्हणून नॉनस्टिकचं छोटं पॅन, सिलिकॉनचा उलथना, आणि वाटी कोमट पाण्यानं विसळून तेच पाणी पाजायचं. शंका असेल तर जेवणाआधी आणि नंतर भांडं काट्यावर ठेवा, किती उरलं ते कळतं.

काटा ०.१ ग्रॅमचा घ्या. १ ग्रॅमचा काटा साडेतीन ते साडेचारमधल्या सगळ्या पिठाला ४ च म्हणतो. विट्याच्या माणसाला दशांश ग्रॅमचं मोल मी काय सांगणार, गलाईवाल्यांचं, सोनं-चांदी गाळणाऱ्यांचं गाव तुमचं! सराफाकडे असतो तसला छोटा काटा भाजी-पिठाला पुरतो. फक्त त्याची कमाल मर्यादा बघून घ्या, वाटीसकट वजन त्यात बसलं पाहिजे. वाटी ठेवून 'टेअर' दाबायचं, शून्य आलं की जिन्नस घालायचा.

वजन कच्च्याचं करायचं. शिजल्यावर कोबीतलं पाणी उडतं, ४० ग्रॅम कोबीचा २५ ग्रॅम होतो, कार्ब मात्र तेवढेच राहतात. घरच्या कढईतली भाजी शिजल्यावर काढून मोजली तर सगळा हिशेब कोसळतो. तिचं वेगळं शिजवा.

जिन्नसांबद्दल थोडं.

घरचं तूप चालतं, ते जवळजवळ शंभर टक्के फॅट. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेलही. थंडीत तूप ताटात गोठून कडेला चिकटतं, तेव्हा निम्मं तूप निम्मं तेल करा. घरचं लोणी आणि साय मात्र तक्त्यात धरू नका, त्यात पाणी किती हे रोज वेगळं. साय हवीच असेल तर पाकिटातलं क्रीम घ्या आणि मागचा छापील तक्ता वाचा. आपल्याकडे मिळणारं बरंचसं २५ टक्के फॅटचं असतं.

पनीर एकाच ब्रँडचं धरून ठेवा. आज डेअरीचं सुटं, उद्या पाकिटाचं असं केलं की आकडे हलतात.

अंडं: एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रोटीन, म्हणजे तिच्या जवळजवळ दोन जेवणांचं. फेटून २५ ग्रॅम मोजून घ्या, उरलेलं घरातल्या दुसऱ्या कुणाला.

भाज्यांत कोबी, दुधी, दोडका, काकडी, पालक, मेथी सोप्या. कांद्याला शंभर ग्रॅमला नऊ-दहा ग्रॅम कार्ब, तो फोडणीतसुद्धा मोजावा लागतो. बटाटा, साबुदाणा, भात, गूळ विसरा. शेंगदाणे फॅटचे म्हणून लोक मूठभर देतात, त्यात प्रोटीन आणि कार्ब दोन्ही भरपूर. तक्त्यात बसवून मोजूनच.

---

औषधवाला_सातारा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, धरायची. साखरेच्या पाकात केलेल्या सिरपमध्ये ५ मि.ली.ला दोन-तीन ग्रॅम साखर सहज असते. दिवसातून दोनदा ५ मि.ली. म्हणजे १७ पैकी पाचेक ग्रॅम कार्ब बाटलीतून गेले. घरी डाळीचा दाणा मोजताय आणि इकडं हे.

'शुगर फ्री' छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, ग्लिसरीन, माल्टोडेक्स्ट्रिन हे सगळे हिशेबात येतात. बाटलीचा फोटो काढून डाएटिशियनला पाठवा.

शक्य तिथं गोळीवर जायचं, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, स्वतः नाही. लेव्हेटिरासिटामचं सिरप बहुधा मि.ली.ला १०० मि.ग्रॅ. असतं, म्हणजे २.५ मि.ली.च्या जागी २५० ची एक साधी गोळी कुटून. कडू लागते, मोजलेल्या क्रीममध्ये कालवा. व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत जपून: क्रोनो, सीआर, ईआर असं काही नावापुढं असेल ती गोळी कुटायची नाही. ती हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम रक्तात जातो. आतड्यात विरघळणाऱ्या कोटिंगची गोळीही कुटायची नाही. क्लोबाझामची तोंडात विरघळणारी गोळी मिळते, तिचा त्रास नसतो.

लोकांच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी: ड जीवनसत्त्वाची एक ग्रॅमची पुडी बहुतेक साखरच असते. कॅल्शियमची सिरपं गोड. खोकल्याची सगळीच. पॅरासिटामॉलचं सिरपही. त्याऐवजी गोळी, नाहीतर सपोझिटरी (शौचाच्या जागेतून आत सरकवायची औषधाची कांडी). ती वेगवेगळ्या मि.ग्रॅ.ची येते, वजनाप्रमाणे कोणती हे आधीच लिहून घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात वितळते. इसबगोल साधं घ्या, संत्र्याच्या चवीचं नको. गोडी आणायला सॅकरिन किंवा सुक्रालोजचे थेंब घ्या. पावडरीच्या सॅशेत भर म्हणून डेक्स्ट्रोज किंवा लॅक्टोज असतो, स्टेव्हियाच्या सॅशेतसुद्धा.

---

सातारी_कंदी

एवढं कशाला, सकाळी दोन चमचे खोबरेल तेल आणि भात-पोळी बंद. मोबाईलवर व्हिडिओ आहेत की भरपूर. आठवड्यात फरक पडतो म्हणतात.

---

बालरोग_कृष्णाकाठ

खोबरेल तेलाचा वरचा सल्ला कुणीही लहान मुलावर करून बघू नये. कारण सांगतो.

काही मुलांच्या शरीराला चरबी जाळून इंधन करताच येत नाही. चरबी तोडणाऱ्या एन्झाइमची किंवा कार्निटिनची (चरबी जाळायला पेशीत आत नेणारा पदार्थ) जन्मजात कमतरता असते. पायरुव्हेट कार्बोक्झिलेजची कमतरता आणि पॉर्फायरिया हेही त्याच यादीत. अशा मुलाला साखर तोडून चरबी दिली तर ते बेशुद्ध होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. यातल्या काही आजारांची सुरुवातही फिट्सनेच दिसते. म्हणून अॅसिलकार्निटिन प्रोफाइल, लघवीतली ऑर्गॅनिक अॅसिड्स, लिव्हर-किडनी, बायकार्बोनेट, कॅल्शियम, लिपिड, लघवीतल्या कॅल्शियमचं प्रमाण या तपासण्या आधी होतात. विटेकरदादा, तुम्ही रिपोर्टची वाट बघताय ते बरोबर. ते येईपर्यंत घरी 'थोडी सुरुवात' करू नका.

व्हॅल्प्रोएट चालू असताना हा आहार देता येतो. त्यात कार्निटिन खाली जाऊ शकतं, म्हणून त्यावर आणि लिव्हरवर लक्ष ठेवतात. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही फिट्सची औषधं जोडीला असतील तर रक्तातलं आम्ल वाढणं आणि मूतखडे या दोन्हींची शक्यता जास्त. खड्यांसाठी पोटॅशियम सायट्रेट देतात. तेही साखरेच्या सिरपात मिळतं, औषधवाल्यांनी सांगितलेलं इथंही लागू.

उपयोग किती, हे कुणी विचारलं नाही पण मनात सगळ्यांच्या असतं. आहार नवा नाही, १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या वाइल्डर यांनी मांडला. लंडनला १४५ मुलांची चाचणी झाली, २००८ मध्ये छापून आली: तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या, आहार न दिलेल्यांत ६ टक्क्यांच्या. दिल्लीच्या एम्समध्ये याचा सैल प्रकार, म्हणजे मॉडिफाइड अॅटकिन्स, देऊन बघितला. २०१३ च्या त्या अहवालात हेच आकडे ५२ आणि साडेअकरा टक्के. दोन्हीकडे निवडलेली मुलं औषधांना दाद न देणारी होती, हे लक्षात घ्या. म्हणजे आशा धरण्याजोगं आहे, हमखास नाही. तीन महिने नीट पाळल्याशिवाय निकाल लावू नये. उपयोग झाला तर साधारण दोन वर्षं चालवतात आणि मग काही महिन्यांत प्रमाण हळूहळू उतरवतात. मधेच एका दिवसात सोडला तर फिट्स उसळू शकतात.

औषधांचा डोस आहार सुरू झाला म्हणून घरी कमी करायचा नाही. हे मी दोनदा लिहीन हवं तर.

अॅडमिट का, तर सुरुवातीच्या दिवसांत शुगर खाली जाते, मूल उलट्या करतं, मलूल होतं. वॉर्डात दर काही तासांनी शुगर बघतात, आणि आई-बाबांना काट्यावर बसवून शिकवतात. उपाशी ठेवूनच सुरू करावं असं आता नाही. बऱ्याच ठिकाणी १:१, २:१ असं चढवत ३:१ वर नेतात.

---

विटेकर_बाबा

डोळे उघडले. पॅनला चिकटलेल्या तुपाचा हिशेब तर डोक्यातच नव्हता.

आणखी दोन: लघवीच्या पट्टीवर कीटोन (चरबी जळताना शरीरात तयार होतात ते) किती दिसायला हवेत? आणि जास्त झाले तर ओळखायचं कसं? आजी म्हणते, पोर झोपाळू झालं की समजावं आहार मानवत नाही.

---

आहारकट्टा_मिरज

लघवीच्या पट्टीवर साधारण ८० ते १६०, म्हणजे तीन-चार प्लसचा गडद जांभळा, हे लक्ष्य असतं. पट्टी बुडवून डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग बघायचा. दोन मिनिटांनी बघाल तर सगळ्याच पट्ट्या गडद. सकाळचा आकडा कमी आणि संध्याकाळचा जास्त हे नेहमीचं, म्हणून रोज ठरलेल्या दोन वेळांनाच तपासा. भरपूर पाणी प्यायली असेल तरी रंग फिका येतो. डबा उघडा राहिला तर दमट हवेत पट्ट्या बाद होतात. पावसाळ्यात कराड-पाटणकडे हे फार होतं. दर वेळी झाकण लगेच लावा, उघडल्याची तारीख डब्यावर लिहा. लंगोटातली लघवी असेल तर कापूस ठेवून पिळून घ्या, जेल असलेल्या डायपरमध्ये ती सापडत नाही.

बोटातून रक्ताचे कीटोन मोजले तर ते जास्त खात्रीचं, पण पट्ट्या महाग. लघवी आणि चित्र जुळत नसेल तेव्हा ते करा.

आजीचं अर्धं खरं आहे. पहिल्या आठवड्यात मलूलपणा येतो आणि जातो. पण श्वास भराभर आणि खोल चालला, गाल लाल झाले, चिडचिड वाढली, उलट्या आणि न उठणारी झोप, हे एकत्र दिसलं तर कीटोन जास्त झालेत असं समजून ३० मि.ली. संत्र्याचा रस द्या. पंधरा-वीस मिनिटांनी सुधारणा नसेल तर अजून एकदा, आणि त्यानंतरही नसेल तर दवाखाना. ग्लुकोमीटर घरात असेल तर आधी शुगर बघा. घाम, थरथर, सुस्ती असेल किंवा शुगर ४० च्या खाली असेल तरी हेच. मूल गुंगीत असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

पाणी कमी करायचं नाही. १२.५ किलोला दिवसाला साधारण ११०० मि.ली., थोडं थोडं. बद्धकोष्ठता आणि खडे, दोन्हींना तोच पहिला उपाय. पाणी वाढवूनही शौचाला खडा होत असेल तर डॉक्टर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. लॅक्टुलोज ही साखरच, ते टाळा. लघवीत वाळूसारखं किंवा लालसर दिसलं तर त्याच दिवशी कळवा.

---

कराडची_तायडी

तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, मी लावते. दुसरं वर्ष चालू आहे आमच्याकडे, त्यामुळे यादी तयारच आहे.

अंगणवाडीत सुखडी, लाडू, खिचडी, सगळंच बाद. सेविकाताईंना तोंडी सांगून भागत नाही, मदतनीस बदलते, दुपारी दुसरीच कुणी असते. डॉक्टरांच्या लेटरहेडवर मराठीत चार ओळी घ्या: 'या मुलीला औषध म्हणून मोजलेला आहार आहे. डब्याशिवाय काहीही देऊ नये. पाणी चालेल.' एक प्रत भिंतीवर, एक दप्तरात. 'औषध म्हणून' हे शब्द हवेतच. 'डाएट' म्हटलं की लोकांना वाटतं, आई-बापाचं शहरी खूळ. पिठाच्या गोळ्यानं खेळायला देतात तिथं लक्ष ठेवा, मुलं ते खातात.

प्रसाद: फुटाणे, बत्तासे, पेढा. एका बत्ताशात दोन-तीन ग्रॅम साखर, म्हणजे एका जेवणाचे निम्मे, कधी त्याहून जास्त कार्ब. तासगावकडची माणसं बेदाणे हातावर ठेवतात, 'चारच तर आहेत'. चार बेदाण्यांत दीडेक ग्रॅम साखर असते. भडंग तर कुरमुऱ्यांचंच, आणि गुऱ्हाळावर रसाचा घोट हा तर पाहुणचारच आपल्याकडं. नाही म्हणायला वाईट वाटत असेल तर हातात द्यायला स्वतःचं काहीतरी ठेवा. खोबरेल तेल, ओल्या नारळाचा मोजलेला कीस आणि सुक्रालोजचा थेंब साच्यात घालून फ्रीजमध्ये घट्ट केलेली वडी. देवळात, वाढदिवसाला तीच 'प्रसाद'. वडीचे आकडे डाएटिशियनकडून तक्त्यात बसवून घ्या आणि डबा बर्फाच्या पिशवीत ठेवा, खोबरेल २५ अंशांच्या आसपास पातळ होतं. एसटीत तर मे महिन्यात तासाभरात.

खाल्लंच चुकून काही, तर? ओरडायचं नाही, उलटी करवायची नाही, वरून जास्तीचं तूप पाजून 'भरपाई' करायची नाही. पुढचं जेवण तक्त्याप्रमाणे. कीटोन बघायचे, वहीत लिहायचं, चोवीस तास फिट्सवर नजर.

वही: तारीख, फिटची वेळ, कशी आली (मान पडली, हात झटकले, डोळे फिरले), किती सेकंद, दोन वेळचे कीटोन, शौच, आणि उरलेलं ताट. मोबाईलवर फिटचा व्हिडिओ घेतला तर डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, उंची महिन्याला.

आजीसाठी: तिलाच काट्यावर बसवा. खरंच. मोजणं तिच्या हातात दिलं की चोरून बिस्कीट देणं थांबतं.

आता सलाईन. आपल्याकडं 'सलाईन लावलं' म्हणजे बाटलीत काय होतं हे कुणी विचारत नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मि.ली. बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. डीएनएसमध्येही (डेक्स्ट्रोज आणि मीठ दोन्ही असलेली बाटली) तेवढंच. तिच्या अख्ख्या दिवसाच्या कार्बपेक्षा ते जास्त. म्हणून दवाखान्यासाठी वेगळं पत्र: 'कीटोजेनिक आहारावर. शिरेतून साखरविरहित द्रव, नॉर्मल सलाईन. साखर द्यायची ती शुगर कमी असेल तरच. शुगर, कीटोन, बायकार्बोनेट तपासावं.' इंग्रजीत घ्या, डॉक्टरांसाठी आहे. लॅमिनेट करा. खाली तज्ज्ञांचा नंबर.

---

बालरोग_कृष्णाकाठ

तायडींच्या पत्रात एक भर. मूल खरंच गंभीर असेल, शॉकमध्ये किंवा शुगर पडलेली असेल, तर समोरच्या डॉक्टरनं ग्लुकोज दिलं म्हणून भांडू नका. कीटोन दोन-तीन दिवसांत परत चढतात.

साधी उलटी-जुलाब असतील तर: जेवण काही तास थांबवून बिनसाखरेचं पाणी, मिठाचं पातळ कढण, चमच्या-चमच्यानं. थांबलं की जेवण निम्म्या प्रमाणात सुरू करा, फॅट थोडं कमी ठेवून, मग दिवसाभरात पूर्ववत. ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० मि.ली.ला २.७ ग्रॅम. जुलाब जास्त असतील, डोळे खोल गेले असतील, लघवी कमी झाली असेल तर ओआरएस द्या, तेव्हा प्रमाण बघायचं नाही. बाजारातली फळाच्या चवीची तयार पेयं मात्र नकोत, त्यात साखर याहून कितीतरी जास्त असते.

फिट्सचं औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस परत द्यायचा का, हे प्रत्येक औषधासाठी आधीच विचारून त्याच वहीत लिहून ठेवा. रात्री दोन वाजता फोन लागत नाही.

पाच मिनिटांच्या वर फिट चालली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा (फिट थांबवणारं औषध) स्प्रे. डॉक्टर वजनावरून पफ लिहून देतात. पण एका पफमध्ये किती मि.ग्रॅ. ते बाटलीनुसार बदलतं, ०.५ ची मिळते तशी १.२५ चीही. दुकानात दुसरी बाटली मिळाली तर पफांची संख्या तीच धरू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. चप्पल आणि कांदा दोन्ही नाकापासून लांब ठेवा.

---

जतचा_मास्तर

मुलगा अकरा वर्षांचा. एवढं ग्रॅमात मोजणं शाळेत जमणार नाही. मॉडिफाइड अॅटकिन्स म्हणतात ते चालेल का?

---

आहारकट्टा_मिरज

सर, त्या वयाला तोच विचार आधी करतात. त्यात कार्ब दिवसाला १० ते १५ ग्रॅम, पुढं थोडं वाढवून २० पर्यंत. प्रोटीन मोजायचं नाही, फॅट मुद्दाम भरपूर. काट्याऐवजी चमचे-वाट्यांवर निभावतं, पण कार्ब तरी मोजावेच लागतात. त्याहून सैल म्हणजे कमी ग्लायसेमिक इंडेक्सचा आहार, ४० ते ६० ग्रॅम कार्ब, तेही सावकाश पचणारे. एम्सनंच २०२० मध्ये तिन्ही प्रकार शेजारी ठेवून बघितले. शेवटच्या प्रकारात त्रास सगळ्यात कमी निघाला. अंगणवाडीच्या वयाच्या पोरांना, आणि दोन वर्षांखालच्यांना तर नक्कीच, मोजलेला क्लासिक प्रकार बरा. तपासण्या मात्र तुम्हालाही तेवढ्याच लागतील, त्यात सूट नाही.

---

विटेकर_बाबा

सगळं छापून भिंतीवर लावतोय. उद्या सांगलीला जाऊन काटा आणतो. अजून काही राहिलं का सामानात?

---

कराडची_तायडी

काट्यासोबत त्याचं कॅलिब्रेशनचं वजन मागून घ्या, महिन्यातून एकदा ठेवून बघायला. दोन सिलिकॉन उलथने, एक लहान पॅन, पाच मि.ली.चा मापाचा चमचा, झाकणाच्या चार लहान वाट्या. आणि काट्याचे सेल जास्तीचे ठेवा. सेल उतरत आला की काटा बंद पडायच्या आधी चुकीचं वजन दाखवू शकतो, आणि सगळे फिट का आली म्हणून प्रसादात शोधत बसतात.